फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर: घटस्फोटात वाटणी कशी होते

घटस्फोटाची बोलणी सुरू झाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बायकोच्या बाजूने, "निम्मं तर कायद्यानेच मिळतं." नवऱ्याच्या बाजूने, "हप्ते मी भरलेत, तिचा काय संबंध?" दोन्ही वाक्यं चुकीच्या समजुतीवर उभी आहेत आणि त्यांच्यापायी लोक दोन-तीन वर्षं कोर्टात घालवतात.

गोवा आणि पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेला दमण-दीवचा भाग सोडला तर भारतात लग्नामुळे नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही. लग्नाआधी जे ज्याचं होतं ते त्याचंच राहतं. लग्नानंतर ज्याने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या नावावर घेतलं ते त्याचं, दोघांनी मिळून घेतलं ते दोघांचं. 'संसारात मिळवलेलं सगळं समान वाटा' असं सांगणारं कलम हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये नाही आणि विशेष विवाह कायदा, १९५४ मध्येही नाही. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते पार पडलं नाही आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. त्यामुळे वीस वर्षं घर, मुलं आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं सांभाळलेल्या बाईचं नाव एकाही कागदावर नसेल, तर मालक म्हणून तिच्या हाती काहीच येत नाही. तिला मागता येते ती पोटगी. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आजचा कायदा हा असा आहे. तो असा आहे हे धरूनच तयारी करावी लागते.

म्हणून पहिलं काम म्हणजे तीन वेगळ्या वह्या करायच्या. मालकीची एक, स्त्रीधनाची दुसरी, पोटगीची तिसरी. बोलणी फिसकटतात ती बहुतेक वेळा या वह्या एकमेकींत मिसळल्यामुळे. "फ्लॅट देतो, मग दागिने विसर" हे वाक्य म्हणजे नवरा बायकोचीच वस्तू तिला विकतो आहे, असा प्रकार असतो.

कोर्टाचे अधिकारही आधी समजून घ्या. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लोकांना वाटतं तेवढं मोठं नाही. लग्नाच्या सुमारास भेट आलेल्या आणि दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरतं ते आहे. फ्रिज, पलंग, आहेरात आलेली चांदीची भांडी अशा गोष्टी त्यात बसतात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ थोडा सैल केला, तरी लग्नाशी संबंध असावाच लागतो. २०१६ मध्ये घेतलेला फ्लॅट कलम २७ मध्ये कोंबता येत नाही. त्यासाठी कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ चं कलम ७ आहे. नवरा-बायकोच्या मालमत्तेचे वाद त्याखाली कुटुंब न्यायालयातच चालतात. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. घटस्फोटाच्या अर्जात मालमत्तेची मागणी लिहायची राहिली तर पुढे वेगळा दावा करावा लागतो, आणि ही चूक फार होते. एक सवलत मात्र अनेक बायकांना माहीतच नसते. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि त्यातून आलेल्या मालमत्तेच्या वादांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. वाटणीच्या दाव्याची फी फ्लॅटच्या किमतीवर ठरते, त्यामुळे वाचणारी रक्कम छोटी नसते.

आता फ्लॅटकडे येऊ, कारण शहरातल्या बहुतेक जोडप्यांची सगळी जमापुंजी तिथेच अडकलेली असते.

समजा, पुण्यात २०१६ मध्ये ८० लाखांना फ्लॅट घेतला. करारनाम्यावर दोघांची नावं आहेत, वाटे लिहिलेले नाहीत. स्वतःचे २० लाख घातले, त्यात १२ लाख नवऱ्याचे आणि ८ लाख बायकोचे. ६० लाखांचं कर्ज दोघांनी मिळून काढलं. हप्ता नवऱ्याच्या पगार खात्यातून जातो. बायकोच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कामवाल्या मावशींचा पगार निघतो. आज बाजारभाव १ कोटी ४० लाख आहे आणि कर्ज ३८ लाख शिल्लक आहे. म्हणजे वाटायला निव्वळ १ कोटी २ लाख उरतात.

बायकोचे वकील म्हणतील, दोघांची नावं आहेत, अर्धं-अर्धं करा. तिचे ५१ लाख झाले.

नवऱ्याचे वकील मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ पुढे करतील. वेगळ्या पैशातून एकत्र घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा, असं ते कलम म्हणतं. मुद्दलापैकी २२ लाख फिटले ते नवऱ्याच्या खात्यातून. म्हणजे नवऱ्याचे १२ आणि २२ मिळून ३४ लाख, बायकोचे ८ लाख, एकूण ४२ लाख. या हिशेबाने तिचा वाटा १९ टक्के, साधारण १९ लाख ४३ हजार रुपये.

तिसरा हिशेब पुष्कळदा कुणी मांडतच नाही. बिल्डरला ६० लाख बँकेने दिले आणि त्या कर्जाला दोघंही सारखेच जबाबदार होते. म्हणजे खरेदीच्या दिवशी ते ६० लाख दोघांनी निम्मे-निम्मे उभे केले. त्या दिवशीचा नवऱ्याचा वाटा ४२ लाख आणि बायकोचा ३८ लाख, म्हणजे ४७.५ टक्के. तिला ४८ लाख ४५ हजार येतात. नवऱ्याने पुढे तिच्या वाट्याचे हप्ते भरले, असं त्याचं म्हणणं असेल तर ती वेगळी वसुली झाली. त्याला तिचं उत्तर तयार असायला हवं: हप्ता त्याच्या खात्यातून जाऊ शकत होता, कारण बाकी सगळं घर तिच्या खात्यातून चाललं होतं.

तोच फ्लॅट, तीच माणसं, आणि ५१ ते १९ लाखांमध्ये साडेएकतीस लाखांचं अंतर. सगळं भांडण या अंतराचं असतं. कोण किती कागद दाखवतो यावर ते मिटतं. कोणी किती पैसे घातले याचा पुरावाच नसेल तर वाटे समान धरायचे, असंही हेच कलम ४५ सांगतं. म्हणून हप्ते न भरणाऱ्याने खरेदीच्या वर्षापासूनची आपली बँक स्टेटमेंट्स काढून ठेवावीत. किराण्याचे, शाळेचे, विम्याचे व्यवहार त्यात दिसले पाहिजेत. जुनी स्टेटमेंट्स बँकेतून मिळवायला वेळ लागतो, म्हणून हे काम शेवटच्या तारखेवर ठेवू नका. वडिलांनी दिलेले ८ लाख थेट बिल्डरला गेले असतील तर त्या चेकची नोंद आणि वडिलांचं साधं पत्र, दोन्ही लागतात.

नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याचे असतील तर गोष्ट आणखी अवघड होते. कागदावर ज्याचं नाव तो मालक, हे पहिलं गृहीत. नवऱ्याने स्वतःच्या उघड उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी ठरत नाही, तो अपवाद बेनामी कायद्यातच आहे. पण ते घर तिला द्यायचं म्हणून घेतलं होतं की फक्त नाव लावलं होतं, हे पुराव्यानेच सिद्ध करावं लागतं. फ्लॅट सासू-सासऱ्यांचा असेल तर सुनेला त्यात मालकी मागता येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तिथे राहण्याचा हक्क मागता येतो आणि सामायिक घर सासरच्यांच्या नावावर असलं तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. राहण्याचा हक्क आणि विकण्याचा हक्क यांची गल्लत मात्र करू नका.

हिशेब जमला की प्रश्न येतो बँकेचा. नवरा-बायकोत काय ठरलं याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. 'यापुढचे हप्ते पत्नी भरेल' असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये, लिहिलं आणि न्यायाधीशांनी सही केली, तरी बँकेच्या दप्तरी दोघंही कर्जदारच राहतात. तिने तीन हप्ते चुकवले की त्याचाही सिबिल स्कोअर खाली येतो. उद्या त्याला स्वतःसाठी घर घ्यायचं असेल तर हे जुनं कर्ज त्याच्या पात्रतेत मोजलं जातं. म्हणून ज्याच्याकडे फ्लॅट जाणार त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर उरलेलं कर्ज बसतं का, हे बोलणीच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन विचारा. बसत नसेल तर तीन मार्ग उरतात: आई-वडिलांपैकी कुणाला सहकर्जदार घ्या, काही रक्कम आधी भरून कर्ज लहान करा, नाहीतर फ्लॅट विका. मनाला कितीही लागलं तरी पुष्कळदा विकणं हेच सगळ्यांत स्वच्छ असतं. कर्ज फिटतं, उरलेले पैसे दोन खात्यांत जातात आणि पुढच्या पंधरा वर्षांत एकमेकांच्या सह्यांची गरज पडत नाही.

विकायचं नसेल तर हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र. इथे एक गैरसमज लाखो रुपयांना पडतो. 'हक्कसोडपत्राला नाममात्र स्टॅम्प लागतो' हे वाक्य वडिलोपार्जित मालमत्तेपुरतं खरं आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ मध्ये ती सवलत तेवढ्यापुरतीच आहे. स्वतः विकत घेतलेल्या फ्लॅटमधला अर्धा हिस्सा सोडला तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकं शुल्क लागतं. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याने, फ्लॅट १ कोटी २० लाखांचा निघाला तर हिस्सा ६० लाखांचा. नुसता ५ टक्क्यांचा मूळ दर धरला तरी ३ लाख झाले. अधिभाराचा हिशेब मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती शुल्क लागेल याचा लेखी निर्णय) करून आधीच घ्यावा. दस्त नोंदवताना हा आकडा कळला तर भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

याउलट राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, शहरी भागातला अधिभार काय तो वेगळा. पण बक्षीसपत्र 'पती-पत्नी' या नात्यावर टिकतं. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, झाला की नातं संपलं, सवलतही संपली. आयकरातही तसंच आहे. जोडीदाराकडून आलेली भेट करमुक्त असते, पूर्वीच्या जोडीदाराची गणना नातेवाइकांत होत नाही. म्हणजे दस्त हुकूमनाम्याच्या आधी नोंदला गेला पाहिजे. बक्षीसपत्रात मोबदला असून चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. 'पोटगीच्या बदल्यात बक्षीस' असं लिहिलं की ते बक्षीस आहे का, यावरच शंका निघते. घेणाऱ्याने कर्ज अंगावर घेतलं तर तोही मोबदला धरला जाऊ शकतो. पैसे देऊन हिस्सा घ्यायचा असेल तर सरळ मोबदल्याचं हक्कसोडपत्र करावं. देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर बघावा लागतो, आणि मोबदला ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो.

पण हुकूमनाम्याआधी दस्त करण्यात धोकाही आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये, पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा दोघांनी उभं राहायचं असतं. हा काळ कोर्टाला माफ करता येतो, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. त्या शेवटच्या दिवसापर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. फ्लॅट आधीच देऊन बसलात आणि समोरच्याने पाऊल मागे घेतलं तर दस्त रद्द करायला वेगळा दावा लावावा लागतो. याला मला पटलेला तोडगा एकच आहे: दस्ताचा मसुदा पहिल्या अर्जालाच जोडायचा, शुल्क आणि बँकेची ना-हरकत आधी निपटायची, आणि नोंदणी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी करायची. एकरकमी पैशांचा डिमांड ड्राफ्ट त्याच दिवशी न्यायाधीशांसमोर हातात द्यायचा. पैसे हप्त्यांनी द्यायचे ठरलं असेल तर सगळ्यांत मोठा हप्ता शेवटच्या तारखेला ठेवायचा.

कन्सेंट टर्म्समधलं हे वाक्य पाहा: 'पती सदर फ्लॅटमधील आपला हक्क पत्नीच्या लाभात सोडून देईल.' वाचायला ठीक वाटतं, पण यात तारीख नाही, दस्त कोणता ते नाही, शुल्क कोण भरणार ते नाही, आणि नाही केलं तर काय, तेही नाही. त्यात लिहायला हवं ते असं: फ्लॅटचा क्रमांक, क्षेत्रफळ, पार्किंग, मूळ करारनाम्याचा दस्त क्रमांक आणि तारीख, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक. कर्जखात्याचा क्रमांक आणि अमुक तारखेची शिल्लक. अमुक तारखेपर्यंतचा मेंटेनन्स, मिळकतकर आणि वीजबिल कोणाकडे. मूळ कागद कोण कोणाला कधी देणार. ठरलेल्या दिवशी दस्त झाला नाही तर कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने सही करावी, याला दोघांची मान्यता. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१ नियम ३४ खाली कोर्टाला असा दस्त करून देता येतो, पण कागदावर आधीच मान्यता असली की काम झटपट होतं.

आणखी एक खाच आहे. तडजोडीच्या हुकूमनाम्यात अशी स्थावर मालमत्ता आली जी मूळ अर्जाचा विषयच नव्हती, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) प्रमाणे तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. घटस्फोटाच्या अर्जात फ्लॅटचा उल्लेखच नाही, टर्म्समध्ये मात्र तो देऊन टाकला, असं सर्रास होतं. दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की घेणाऱ्याचा वकील नेमकं इथे बोट ठेवतो. फ्लॅटचं वर्णन अर्जाच्या परिशिष्टात घाला आणि त्याबद्दलची मागणीही लिहा, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात मालमत्ता हस्तांतर करणारा हुकूमनामाही 'अभिहस्तांतरण', म्हणजे खरेदीखतासारखा मालकी बदलणारा दस्त, धरतात. 'कोर्टाची ऑर्डर आहे, स्टॅम्प कशाला?' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

स्त्रीधनाची वही

लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर बाईला जे मिळालं, मग ते माहेरून असो, सासरहून असो की मैत्रिणींकडून, ते तिचं. सासूने घातलेल्या पाटल्याही तिच्याच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की सासरच्यांकडे ते ठेवलेलं असेल तर ते फक्त विश्वस्त आहेत. परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करण्याचा थेट आदेश देऊ शकतात. पोटगी मिळाली म्हणून स्त्रीधन सुटत नाही.

हरतात ते यादीमुळे. 'सुमारे २५ तोळे सोनं' असं लिहिलं की समोरून प्रश्न येतो, कोणते? आणि तोळा कोणता? सराफ आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, जुन्या पावत्यांत तो ११.६६ ग्रॅमचा असतो. २५ तोळ्यांवर तब्बल ४१ ग्रॅमचा फरक पडतो. यादी ग्रॅममध्येच करा आणि प्रत्येक नग वेगळ्या ओळीवर लिहा. अशी: 'पाटल्या, २ नग, २२ कॅरेट, ४० ग्रॅम, माहेरकडून लग्नात, सराफाची पावती सोबत, लग्नाच्या फोटो क्रमांक ७ मध्ये हातात दिसतात, सध्या पतीच्या नावावरील लॉकरमध्ये.' ठुशी, मोहनमाळ, तोडे, मंगळसूत्र, जोडवी, चांदीचं ताट, पैठण्या, सगळ्यांचं असंच. मोडून नवं केलेल्या दागिन्यांचा धागा सराफाच्या बिलात सापडतो, कारण मोडीचं वजन त्यात वजा केलेलं असतं. बिल नसेल तर सराफाकडे त्याच्या वहीचा उतारा मागा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर कोणी कधी उघडला याची नोंद बँकेकडे असते, तिची मागणी लेखी करा.

नवऱ्याला लग्नात मिळालेली साखळी, अंगठी, घड्याळ त्याचंच. घटस्फोटाच्या रागात तेही परत मागणारे असतात, त्याला आधार नाही.

पोटगीबद्दल थोडक्यात

मालकीत काही मिळत नाही तेव्हा पोटगी हाच आधार. म्हणून नवऱ्याची मालमत्ता मोजायची ती वाटणीसाठी नव्हे, त्याची ऐपत कळावी म्हणून. नोव्हेंबर २०२० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला. ते शपथपत्र गुळगुळीत भरू देऊ नका. बोनस, शेअर्स, भाड्याचं उत्पन्न, वडिलांसोबतची एकत्र ठेव, सगळ्याची उलटतपासणी इथेच होते. पगाराच्या २५ टक्के हा आकडा २०१७ च्या एका निकालातून पसरला आहे, तो नियम नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी नवऱ्यालाही मागता येते. कोर्ट त्या रकमेचा बोजा मालमत्तेवर चढवू शकतं, आणि तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून घेता येतो. मासिक पोटगी मिळणार असेल तर हा बोजा मागायला विसरू नका. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची म्हणून करपात्र नाही आणि मासिक पोटगी करपात्र, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. मुलांचा खर्च वेगळ्या कलमात लिहा. आई आपला हक्क सोडू शकते, मुलांचा नाही.

सासरच्या वडिलोपार्जित जमिनीत बायको सहदायाद, म्हणजे जन्माने हक्क असलेली वाटेकरी, नसते. तिला तिथे वाटणी मागता येत नाही. मुलगा-मुलगी मात्र सहदायाद आहेत आणि आई-वडिलांच्या घटस्फोटाने त्यांचा हक्क कमी होत नाही. तसंच, बाईला माहेरच्या वडिलोपार्जित मालमत्तेत असलेला वाटा, जो महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, त्यावर नवऱ्याला हात ठेवता येत नाही.

बोलणी चालू असताना एकजण फ्लॅट परस्पर विकेल अशी भीती असेल तर कोर्टाकडून मनाई हुकूम घ्या. तेवढ्यावर थांबू नका. मुंबईत दावा चालू असल्याची 'लिस पेंडन्स'ची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय ती घेणाऱ्याला बांधत नाही, अशी जुनी प्रांतिक दुरुस्ती आहे. सोसायटीच्या सचिवांना पोच घेऊन पत्र द्या आणि दर महिन्याला इंडेक्स टूचा (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्याचा) ऑनलाइन शोध घ्या.

गोव्यात चित्र पूर्ण वेगळं

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालू आहे. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर 'मालमत्तेचं ऐक्य' ही पद्धत आपोआप लागू होते. लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलं, बहुतेक सगळं दोघांचं निम्मं-निम्मं. म्हणूनच गोव्यात घर विकताना नाव एकाचं असलं तरी जोडीदाराची सही लागते. लग्नाआधीच्या करारात पूर्ण वेगळी मालमत्ता किंवा फक्त लग्नानंतर मिळवलेल्याचं ऐक्य असेही पर्याय निवडता येतात. लग्न झाल्यावर मात्र मत बदलून चालत नाही. घटस्फोटानंतर वाटणी होते ती इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधून: सगळ्या मालमत्तेची आणि देण्यांची यादी, मूल्यांकन, मग वाटप. आयकरातही पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत समान विभागून दाखवावं लागतं. गोव्याचा रहिवास असलेल्या माणसाची मुंबईतली मालमत्ताही वारशाच्या प्रश्नात गोव्याच्या कायद्याने जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. सिंधुदुर्गातली मुलगी म्हापशात लग्न करून जाते तेव्हा नोंदणीच्या कागदावर कोणती पद्धत लिहिली आहे, हे त्याच दिवशी वाचायला हवं.

अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांनाही अशीच ठेच लागते. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची मिळकत निम्मी-निम्मी धरतात, न्यू जर्सीत कोर्ट न्याय्य वाटेल तशी वाटणी करतं. पण तिथल्या ऑर्डरने बाणेरच्या फ्लॅटचा इंडेक्स टू बदलत नाही. इथला दस्त इथेच करावा लागतो. त्यासाठी तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवतात, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

हुकूमनामा हातात आला की त्याच्या किमान पाच प्रमाणित प्रती मागा. एक बँकेला, एक सोसायटीला, एक दुय्यम निबंधकाकडे, एक पासपोर्टसाठी, एक घरी. मग नामनिर्देशनं बदला: पीएफ, बँक खाती, म्युच्युअल फंड, डिमॅट, सोसायटीचा नॉमिनी फॉर्म. नॉमिनी हा मालक नसतो, पण पैसे आधी त्याच्या हाती जातात. विम्याची एखादी पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली बायको-मुलांच्या नावे काढलेली असेल तर ती नवऱ्याला एकट्याने बदलता येत नाही. ती पॉलिसी कोणाकडे राहणार, हप्ता कोण भरणार, हे टर्म्सवर सह्या होण्याआधीच लिहून घ्या.